एनिम्मा

"तुम्हाला जेवण कसं जातं हो?" हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेलाय, की माझं उत्तर तोंडपाठ झालंय. मी म्हणते, "उजव्या हातानं."

विचारणाऱ्या बाया आधीच नाकाला पदर लावून बसलेल्या असतात. आणि त्यांच्याच घरी सासऱ्याचं अंथरूण भरायला लागलं, की टांगा कुणाच्या दारात येतो? माझ्या. तेव्हा माझ्या जेवणाची चौकशी कुणी करत नाही. उलट जेवत असले तर अर्ध्या ताटावरून उठवतात.

मी बाळाबाई. निपाणीतून चिकोडीच्या रस्त्याला लागलं, की गाव संपता संपता बारा खाटांचा एक धर्मार्थ दवाखाना होता, तिथं मी नर्स होते. गोष्ट एकोणीसशे अडतीसच्या श्रावणातली आहे आणि तोवर माझी तिथं अकरा वर्षं झाली होती. दवाखान्याच्या दारावर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव होतं. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'हे सेवेचे मंदिर आहे.' आणि त्याच्या बरोबर खाली फिनेलच्या बाटल्या.

या मंदिरात सगळं होतं, पण कशालाच नाव नव्हतं. पू, लघवी, शौच, उलटी हे सगळं रोज बादल्या भरभरून निघायचं. पण तोंडातून मात्र शब्द निघायचा नाही. शेतकरी माणूस निदान "परसाकडं" तरी म्हणायचा. शाळामास्तर म्हणायचे, "जरा जाऊन यायचं होतं." दोन्ही पाय फळीला बांधलेले, आणि म्हणे जाऊन यायचं होतं! एक इनामदार तर नुसते आढ्याकडे बघून खोकायचे. एक खोकला म्हणजे लघवीचं भांडं, दोन म्हणजे मोठं. तीनदा खोकले तरच त्यांना खोकला झालाय असं समजायचं. आम्हा नर्सांचं निम्मं शिक्षण हे असं. न बोललेलं ओळखायचं, आणि ओळखलं की पळत सुटायचं.

वासावर माझा उपाय तपकिरीचा. निपाणीत तंबाखूला काय तोटा? डबी सदा कनवटीला असायची. सडलेला पाय आला, फुटलेलं गळू आलं, की दोन्ही नाकपुड्यांत एकेक चिमूट. आठ-दहा शिंका आल्या, की मग घटकाभर जगात कसलाच वास उरत नाही. या एका बाबतीत मी तंबाखूच्या व्यापाऱ्यांची ऋणी आहे.

त्या वर्षी माघात मालुबाई आली. गाव गुंजी, खानापूरच्या पुढं, रानातलं. वय चोवीस. नवरा तापानं गेला, तेव्हा ती बेळगावात वर्षभर राहून नर्सचं काम शिकली. परत गेली तर तिचा दीर, रवळू, उंबऱ्यातच उभा. म्हणाला, घाण काढलेले हात आमच्या चुलीला चालायचे नाहीत. तिथून ती पत्र्याची ट्रंक घेऊन थेट आमच्याकडे. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं, "मागं दार न्हाय मला, बाई. हितंच ऱ्हायचं हाय." ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात. ट्रंक कुठं ठेवू असं विचारावं, तितक्या सरळपणे.

आमच्याकडे नियम असा, की नवी बाई सहा महिने उमेदवारीवर. मग कमिटीनं कागदावर 'कायम' असा शब्द लिहिला तर ती कायम. नाहीतर ट्रंक उचलायची.

मी तिला पहिल्या आठवड्यात तपकिरीची डबी पुढं केली. तिनं हात जोडले.

"नगं बाई. वास न्हाय आला तर रोग कळंल कसा?"

आणि खरंच ती वास घ्यायची. जखमेवरची पट्टी सोडली की वाकून नाक जवळ न्यायची. "ह्येचा वास काल न्यारा हुता," म्हणायची, आणि डॉक्टर बघायला आले की आत पू धरलेला असायचा. लाजणाऱ्या माणसाला ती भांडं देताना सांगायची, "लाजू नगासा. आमच्या म्हशीचं ह्येच्या दहापट असतंय. मी रोज भरतो." त्या खानापूरकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. म्हशीच्या तुलनेनं माणूस हसायचा, आणि हसला की काम सोपं व्हायचं.

आता विहिरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलं.

दवाखान्याचे अध्यक्ष आण्णासाहेब. तंबाखूची मोठी वखार, जैन समाजात मान, घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि भाषणात दोन्ही. दरवर्षी वर्धापनदिनाला ते व्यासपीठावरून आमच्याकडे हात करून म्हणायचे, "ह्या परिचारिका म्हणजे साक्षात देवता आहेत." टाळ्या पडायच्या. त्या एका दिवशी आम्ही देवता. उरलेले दिवस ह्याच अध्यक्षांच्या सहीचा ठराव लागू असायचा: 'ज्या हातांनी मलमूत्र उचलले जाते ते हात विहिरीच्या दोरास लागू नयेत. परिचारिकांस पाणी परशराम पाणक्याने वरून घालावे.'

म्हणजे काय, तर आम्ही घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि परशरामानं पोहरा वरून ओतायचा. वॉर्डात डॉक्टरांची पाटी, 'प्रत्येक रोग्यानंतर हात धुणे.' रोगी बारा. हात धुवायचे तर पाणी हवं, पाणी हवं तर परशराम हवा. परशराम बिचारा भला माणूस, पण दुपारी जेवला की दोन तास त्याला ब्रह्मदेवानंही हलवू नये. त्या दोन तासांत आमचे हात तसेच. स्वच्छतेसाठी केलेला नियम होता हा!

खोटं कशाला बोलू, मी अकरा वर्षं घागर ठेवून लांब उभी राहिले. नियम आहे म्हणाले आणि उभी राहिले.

मालुबाई पाच महिने उभी राहिली. आषाढात एका दुपारी वखारीतला एक हमाल आणला, दोन्हीकडून चाललेलं, डोळे आत गेलेले. डॉक्टर ओरडले, "पाणी आणा, पाणी!" घागरी रिकाम्या, परशराम घोरतोय. मालुबाई धावली, दोर धरला, रहाट करकरला आणि तिनं सात पोहरे ओढले. हमाल वाचला. पण कचेरीच्या खिडकीत मारुतीराव होता. मारुतीराव म्हणजे कमिटीचा कारकून. अक्षर मोत्यासारखं, आणि मन त्या दौतीतल्या शाईसारखं.

चौकशी झाली. मालुबाई म्हणाली, "डॉक्टरांनी पाणी आणा म्हटलं, म्हणून आणलं." डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मी 'आणा' म्हटलं. 'ओढा' म्हटलं नाही."

असला मर्द माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मारुतीरावानं आपल्या मोत्यांसारख्या अक्षरांत ठराव लिहिला, 'उमेदवार परिचारिका मालुबाई हिने विहिरीचा दोर हाताळल्याबद्दल तिला सेवेतून कमी करण्यात यावे.' फक्त अध्यक्षांची सही राहिली होती. ती श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारच्या बैठकीत व्हायची होती.

आणि बैठकीच्या पंधरा दिवस आधी अध्यक्षांना काळपुळी झाली.

काळपुळी म्हणजे साधं गळू नव्हे. पाठीवर, कमरेच्या जरा वर, बशीएवढी, सात तोंडांची. आत मधुमेह, बाहेर ताप. असल्या घरच्या माणसाला दवाखान्यात कशाला आणतील? डॉक्टर घरी जातील, नर्स घरी जाईल. पण त्या चातुर्मासात गावात मुनिमहाराज होते आणि आण्णासाहेबांच्या घरी त्यांच्या आहारासाठी चौका लावलेला. चौका म्हणजे कडक शुद्धीचा स्वयंपाक. तिथं वापरायचं पाणी गाळलेलं, वस्त्र ओलं, माणूस अंघोळ करून सरळ आत. त्याच घरात पुवाच्या चिंध्या कशा चालतील? मुनिमहाराजांना यातलं काही माहीतही नव्हतं. घरच्यांनीच ठरवलं. ज्यांनी आम्हाला दोरापासून लांब ठेवलं, त्यांना त्यांच्या घरच्यांनी घरापासून लांब ठेवलं आणि आमच्या कोपऱ्यातल्या खोलीत आणून घातलं. मला बरं वाटलं. हो, वाटलं. देवता असले म्हणून काय झालं?

त्यांच्या पत्नी, चंदनाक्का, रोज पाचला डबा घेऊन यायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचा आण्णासाहेबांचा जन्माचा नेम. चंदनाक्का डबा उंबऱ्यावर ठेवायच्या आणि नाकाला पदर लावून दारातूनच विचारायच्या, "बरं हाय न्हवं?" मुलगा तर व्हरांड्यातूनच विचारायचा. काळपुळीला वास असतोच. त्यात त्यांचा काय दोष?

आत जायचो आम्ही दोघी. मी डबी हुंगून, मालुबाई तशीच. ती गरम पोटीस लावायची, पू दाबून काढायची, आण्णासाहेबांची कवळी दिवसातून दोनदा ब्रशनं घासून वाटीत ठेवायची. ते तिच्याशी बोलायचे नाहीत. ती कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या नावाचा कागद त्यांच्याच उशाशी, बाकीच्या कागदांत होता.

मात्र एक गोष्ट ते डॉक्टरांपासून लपवत होते. रोज सकाळी डॉक्टर विचारायचे, "शौचाला होतंय ना?" आणि ते म्हणायचे, "व्यवस्थित." कसलं व्यवस्थित! पालथा किंवा कुशीवर पडलेला माणूस, उठायची मनाई, म्हणजे भांडं मागायला हवं. ते आमच्याकडून मागायचं? दोराला हात लावू नका असं ज्यांना लिहून दिलं त्या बायांकडून? सहा दिवस झाले. पोट नगाऱ्यासारखं. आम्ही खोकल्याची वाट बघत होतो, पण हे खोकतही नव्हते.

सातव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मालुबाई पोटीस बदलायला गेली. मी शेजारच्या खोलीत होते. आण्णासाहेबांची कवळी वाटीत होती, कळ येत होती, आणि कळ आली की माणूस घरच्या भाषेवर येतो. ते विव्हळत म्हणाले, "एनम्मा, डॉक्टरु एन हेळिद्रु?"

काय गं बाई, डॉक्टर काय म्हणाले? एवढंच. पण दात नव्हते. त्यामुळे 'एनम्मा'चं झालं 'एनिम्मा'. आणि मालुबाईचं कन्नड म्हणजे निपाणीच्या बाजारात सहा महिन्यांत उचललेले सहा शब्द. त्यातला एक नेमका 'हेळिद्रु', म्हणजे म्हणाले. तिनं जुळवणी केली: एनिमा. डॉक्टर. म्हणाले.

तिला आनंदच झाला. एवढा मोठा माणूस, पण बघा, खोकला नाही, आढ्याकडे बघणं नाही, सरळ इंग्रजी नाव घेऊन मागतोय!

"व्हय साहेब," ती म्हणाली, "आत्ता आणतो."

त्यांना वाटलं, डॉक्टरांना आणायला चालली. परत आली ती एनिमाचा डबा, रबरी नळी आणि साबणाचं कोमट पाणी घेऊन. आण्णासाहेबांनी डब्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि ओळखलं, की अच्छा, डॉक्टर हे म्हणाले वाटतं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. ती त्यांचा हुकूम पाळत होती, ते डॉक्टरांचा. डॉक्टर मात्र या वेळी घरी चहा पीत होते.

पुढं काय झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. सात दिवसांचं होतं, एवढंच सांगते. मी मदतीला आत गेले आणि माझी तपकिरीची डबी त्या एका बैठकीत संपली. व्हरांड्यातला मुलगा फाटकापर्यंत गेला. मालुबाई मात्र एका हातानं भांडं धरून, दुसऱ्या हातानं त्यांची कंबर सावरत म्हणत होती, "शाब्बास साहेब! हुं दे, सगळं हुं दे. शाब्बास!"

साठीच्या माणसाला 'शाब्बास' कोण म्हणतं? आण्णासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कळ थांबली म्हणून असेल, किंवा नसेल. रात्री... नव्हे, दिवस मावळायच्या आत त्यांनी सात दिवसांत पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तक्ता वाचला आणि भुवया चढवल्या. "एनिमा? कुणी सांगितला?"

"साहेबांनीच मागितला की," मालुबाई म्हणाली.

"मी?" आण्णासाहेब उशीवरून मान उचलून म्हणाले. आता कवळी तोंडात होती.

"व्हय! एनिम्मा म्हणालासा न्हवं? एनिम्मा, डॉक्टर हेळिद्रु."

मला कन्नड येतं. मला आधी कळलं. हसू दाबायला मी तपकिरीची नवी डबी नाकाशी नेली आणि नको तेवढी ओढली. पुढची पाच मिनिटं मी नुसती शिंकत होते. आण्णासाहेबांना कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, चुकून एनिमा दिला असं सांगायचं. मग संध्याकाळपर्यंत निपाणीच्या सगळ्या वखारी पोट धरून हसणार. दुसरी...

"मी मागितला," ते म्हणाले. "एनिमाच म्हटलं मी."

मालुबाई मान डोलवून म्हणाली, "मला नीट ऐकू येतंय."

त्या दिवसापासून एक दिवसाआड चार वाजले की कोपऱ्यातल्या खोलीतून हाक यायची, "एनिम्मा?" कवळी तोंडात असली तरी 'एनिम्मा'च. आणि आतून मालुबाईचं "शाब्बास साहेब" ऐकू यायचं. वॉर्डातले बाकीचे रोगीही धीट झाले. इनामदारांनी खोकणं सोडलं. सगळे मालुबाईला बघून म्हणायचे, "एनिम्मा!" काहींना तर नुसतं पाणी प्यायला हवं असायचं.

पण सोमवार जवळ येत होता.

रविवारी मालुबाईनं ट्रंक आवरली. मला राहवलं नाही. पट्टी बदलताना मीच आण्णासाहेबांना म्हटलं, "साहेब, उद्या त्या कागदाचं काय करणार?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "नियम हाय, बाळाबाई. माझ्या हातात काय हाय?"

नियम त्यांनी लिहिलेला, सही त्यांची व्हायची, पेन त्यांच्या उशाशी. आणि हातात काही नाही. मी इतकी संतापले, की पट्टी जरा जास्तच आवळली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी चारला कमिटी कोपऱ्यातल्या खोलीत भरली, कारण अध्यक्षांना उठता येत नव्हतं. एक वकील, तंबाखूचे तीन व्यापारी आणि कागद घेऊन मारुतीराव. सगळ्यांच्या रुमालाला अत्तर. मारुतीरावानं परशरामाला आधीच सभासदांसाठी चहा आणि भडंग आणायला बाजारात पिटाळलं होतं. मालुबाई आणि मी दाराशी उभ्या होतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती.

आता योगायोग म्हणा. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचार केला, की सारखा सारखा एनिमा नको, आणि आण्णासाहेबांना एरंडेल दिलं होतं. भरपूर.

मारुतीरावानं उशापासचा तो ठराव उचलला आणि घसा साफ केला. "उमेदवार परिचारिका मालुबाई हिने विहिरीचा दोर—"

आण्णासाहेबांच्या पोटातून बैलगाडी पुलावरून जावी तसा आवाज आला. मारुतीराव थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बैलगाडी. आण्णासाहेबांनी चादर घट्ट धरली, घाम फुटला, आणि ते ओरडले, "एनिम्मा!"

वकिलांना वाटलं ठरावावर काही दुरुस्ती आहे. मालुबाईला मात्र काय ते कळलं. ती भांडं घेऊन पोचली, पण एरंडेल तिच्या आधी पोचलं होतं. थोडं भांड्यात, थोडं चादरीवर, थोडं पाठीवरच्या पट्टीपर्यंत. सेवेच्या मंदिराची कमिटी कधी दाराबाहेर गेली ते कुणाला दिसलं नाही. चौघांचे जोडे मात्र आतच राहिले.

मालुबाईनं होते त्या कपड्यांनी पुसून घेतलं. मग ती बादलीपाशी गेली. बादली रिकामी. घागर रिकामी. ती परत येऊन खाटेपाशी उभी राहिली आणि तिनं हात पुढं जोडले.

"पानी न्हाय, साहेब."

"मग आण की!"

"परशराम न्हाय. सभासदांचा चहा आणायला गेलाय."

"विहीर हाय न्हवं समोर?"

"विहीर हाय. दोरबी हाय. हातबी हाईत," मालुबाई म्हणाली, "पन हात ठरावात बसत न्हाईत."

आण्णासाहेब तसेच पडलेले. घड्याळात पाचला दहा कमी. चंदनाक्का डबा घेऊन येणार, आकाश इतकं भरलेलं, की दिवस कधी मावळला ते कळायचंही नाही. धुतल्याशिवाय घास नाही, आणि मावळल्यावर घास नाही. त्यांनी खिडकीतून व्हरांड्याकडे तोंड केलं. "अहो, कुणीतरी एक पोहरा वडा! तुमच्यातल्या कुणाच्या बी हाताला मनाई न्हाय!"

खरंच होतं ते. ठरावाप्रमाणे त्या दवाखान्यात सगळ्यात शुद्ध हात त्या वेळी व्हरांड्यात होते. व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वकील म्हणाले, हे एकदा केलं तर पुढं पायंडा पडेल. मारुतीराव म्हणाला, "साहेब, माझी कंबर..." आणि कंबरेवर हात ठेवून दाखवला.

"मालुबाई," आण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले, "तू वड गं. मी सांगतो."

"लिवून द्या," मालुबाई म्हणाली.

आण्णासाहेब मान वळवून तिच्याकडे बघायला लागले.

"मागल्या खेपेला डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं, साहेब. मग 'आणा' म्हटलं, 'वडा' न्हाय म्हटलं. तोंडाच्या हुकमानं माझी नोकरी चाललीया. लिवून द्या."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. पट्टी कुठली हवी हे विचारताना असायचा तसाच आवाज. आण्णासाहेबांनी चाचपडून पेन घेतलं. हाताशी एकच कागद होता, मारुतीरावाच्या हातून पडलेला तो ठराव. त्यांनी तो उलटा केला आणि लिहिलं, 'मालुबाई हिने विहिरीचे पाणी स्वहस्ते ओढावे.'

"आजच्या पुरतं, का कायमचं?" मालुबाईनं विचारलं.

"कायमचं गं बाई, कायमचं!"

"मग तसं लिवा."

त्यांनी लिहिलं, 'कायम.' खाली सही केली, अध्यक्ष म्हणून.

त्या एका शब्दाचा अर्थ कमिटीच्या कागदात काय होतो हे त्यांना त्या क्षणी सुचलं नसावं. मालुबाईला सुचलं होतं का, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की हसते. पण मारुतीराव कारकून होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो कागद पुढून वाचला, मागून वाचला. पुढच्या बाजूला 'कमी करावे', सही नाही. मागच्या बाजूला मालुबाईचं नाव, 'कायम', आणि अध्यक्षांची सही. वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, सही ज्या बाजूला, कागद त्या बाजूचा. मग कमिटीनं आपली अब्रू राखायला विहिरीवर पाटी लावली, 'दोरास हात लावण्यापूर्वी परिचारिकांनी हात स्वच्छ धुवावेत.' मालुबाई ती पाटी अक्षर लावून लावून वाचत होती आणि मग तिनं मला विचारलं, "कुठल्या पान्यानं, बाई?"

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी ती कागद चोळीत खोचून विहिरीवर धावली आणि मी बादल्या घेऊन तिच्या मागं. व्हरांड्यातले चार सभासद अनवाणी उभे राहून बघत होते. ती दोर ओढायला लागली. पहिला पोहरा आला, दुसरा आला. घाण कपडे, चादर, पट्ट्या, आण्णासाहेब. कमीत कमी पंधरा पोहरे लागणार होते. मी सवयीनं घागर खाली ठेवली आणि सवयीनं चार हात लांब जाऊन उभी राहिले.

मालुबाईनं मान वळवून पाहिलं. धाप लागली होती तिला.

"बाई, तकडं काय करतासा? धरा की जरा."

माझं नाव त्या कागदावर नव्हतं. मी व्हरांड्याकडे पाहिलं, मारुतीराव माझ्याकडेच बघत होता. अकरा वर्षं मी या विहिरीचं पाणी प्यायले, त्याच पाण्यानं लोकांची घाण धुतली, पण तिच्यात कधी वाकून पाहिलं नव्हतं. मला एकदम इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले. मारुतीरावाची नव्हे, कमिटीचीही नव्हे. माझी.

मी पुढं गेले आणि दोर धरला. तो ओला होता आणि वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जड होता.